भरणा

बोट सुटायच्या आधी हर्णैच्या बंदरावर
चार गोष्टी भरतात :
बर्फ, डिझेल, तांदूळ,
आणि माझ्या टपरीतून
सोळा जीबीच्या कार्डात आठ दिवसांची गाणी.
सुवर्णदुर्ग मागे पडला की तासाभरात रेंज मरते.
मग जे भरलंय तेच.

म्हणून शुक्रवार माझ्या मानेवर असतो.
गुरुवारी रात्री बाराला
जगातले सगळे गळे एकदम उघडतात,
आणि सकाळी शटर वर करतो तर
दीडशे नवी गाणी पायरीशी पडलेली,
प्रत्येक म्हणतंय मीच, मीच.
मी एकेकाला दहा सेकंद देतो.
बांगड्याचा कल्ला उचलून बघायला
आईला त्याहून कमी लागायचे,
पण तिच्याकडे नाक होतं.
माझ्याकडे नुसते कान,
तेही अकरानंतर बधिर.

धाप धाप धाप, तोच ढोल. पुढे.
कुणीतरी कुणालातरी सोडून गेलंय. पुढे.
हे बरंय…
नाही, हे मागच्या शुक्रवारचंच, शर्ट बदलून आलंय. पुढे.
पुढे पुढे करता करता
आवडणं कसं असतं तेच आठवेनासं होतं,
जसं दुपारी चारच्या लिलावात
आकडा दिसतो, मासा दिसत नाही.
दीडशेतली एकशेचाळीस कुटी.
खत होईल, कुणाच्या तरी माडाला लागेल.
माझी तक्रार नाही.

मार्गशीर्षात धाकू पावशाची बोट आली, नवव्या दिवशी.
तांडेल कधी टपरीवर येत नाही, पोराला पाठवतो.
त्या दिवशी स्वतः आला, हातांवर खवलं तशीच,
म्हणाला, "सातवा कोनाचा रं?"

मी यादी काढली.
गाण्याला नाव नाही, गाणाऱ्याला नाही,
नुसतं ट्रॅक ०७.
ते मी ऐकलंच नव्हतं.
म्हणजे दहा सेकंद ऐकलं होतं :
घरघर, आणि कुणीतरी खुर्ची सरकवली.
बाजूला काढलं, ते चुकून कार्डात गेलं.

"पयले दिशी वैताग आला," धाकू म्हणाला.
"पन सगल्यांचे हात मांदेलीत,
फोन केबिनच्या खिल्याला.
उठनार कोन?"

तर ते वाजत राहिलं.
दीड मिनिटानं म्हणे एक बाई गायला लागते,
दुसरीकडेच बघत असल्यासारखी.
दिलमान, नेपाळचा खलाशी, म्हणाला, ही आमच्या डोंगरातली.
याकूब म्हणाला, छे,
मस्कतच्या खोलीत शेजारचा असंच गुणगुणायचा.
त्यावरून दोघांचं जेवतानाही भांडण.
चौथ्या दिवशी जाळं फाटलं,
शिवताना तेच लावलं.
पाचव्या दिवशी काही फाटलं नव्हतं,
तरी लावलं.

रात्री टपरी बंद करून मी धक्क्यावर गेलो
आणि पूर्ण ऐकलं,
अंगठा मुठीत धरून.
दीड मिनिट फार लांब असतं.
तेवढ्यात एक होडी अंधारातून येऊन
दोर टाकून
गप्प झाली.
मग ती बाई आली.
पुढचं सांगत नाही,
सांगितलं तर तेही दहा सेकंदांचं होईल.

आता शुक्रवारी फोन वरच्या फळीवर ठेवतो
आणि हात कशाततरी घालतो.
कधी कुणाचा भिजलेला स्पीकर,
आज सुगंधानं सोलायला दिलेली करंदी.
एका पाटीत वीसेक गाणी होतात,
दीडशे नाही होत.
उरलेल्यांत एखादं असेल. असणारच.
पहिले काही आठवडे त्यानं झोप लागेना.

धाकू पहाटे सुटतोय.
निरोप आलाय : सातवा ऱ्हाव दे,
बाकीचा तुजा तू बघ.

आत्ता बारावं चाललंय.
सुरुवात वाईट आहे.
बोटं करंदीत आहेत.